बारीक माणसाची साखर

एडिसन, न्यू जर्सी
९ नोव्हेंबर २०२५

चि. बाळ्यास,


तुझ्या साखरेचे सगळे आलेख मिळाले. पोह्यांनंतरचा, वरणभातानंतरचा आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा तो सह्याद्रीसारखा. फोनवर इतकी चित्रं धाडलीस, पण खरा प्रश्न शेवटी एका ओळीत उरकलास: 'मी तर बारीक आहे गं मावशी, मला कशी काय शुगर?' त्याचं उत्तर आधी देते, कारण ते तुझ्या डॅलसपेक्षा आपल्या पुण्यातच जास्त मिळेल.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आहेत. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. तिथेच त्यांनी गमतीत सांगून टाकलंय की एकजण मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे दार मिटायच्या आत लिफ्ट गाठणं. स्वतःचं जन्माचं वजन कमी होतं हेही लिहिलंय. शास्त्रज्ञाने स्वतःच्या पोटाचा असा पंचनामा छापलेला मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्याआधीपासून, १९९३ पासून, ते आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं तपासत होते. तिथल्या बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आतच. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. पण नुसती लहान नव्हेत. हातापायांवर मांस कमी, आणि कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बारीक दिसणारं, पण आतून लठ्ठ बाळ. तुझ्या जन्माच्या वेळी ताईने पाठवलेलं एअरोग्राम माझ्याकडे अजून आहे: 'मुलगा झाला, अडीच किलो, नाक आपल्याकडचं.'

आता मांस कमी असण्याने काय बिघडतं? जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच उचलतात. उचलणारेच कमी, त्यात यकृतात आणि पोटात चरबी, की इन्सुलिनचं म्हणणं कुणी ऐकत नाही. मग तोच वाटीभर भात तुझ्या ऑफिसातल्या धिप्पाड मित्राला पचतो आणि तुझ्या आलेखावर डोंगर उभा राहतो.

इथल्या डॉक्टरांना हे कळायला वेळ लागला. सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागातल्या आपल्या लोकांचा एक मोठा अभ्यास २०१० साली सुरू झाला. नाव काय, तर 'मसाला'. (आद्याक्षरं जुळवताना कुणीतरी बराच वेळ घालवला असणार.) वयाचा फरक जुळवून पाहिलं तर त्यात मधुमेहाचं प्रमाण २३ टक्के निघालं, तशाच दुसऱ्या अभ्यासातल्या गोऱ्यांमध्ये ते ६ होतं. २०१५ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची रेषा बीएमआय २५ वरून २३ वर आणली. तू तर २३ च्याही खालचा. म्हणून कंपनीच्या तपासणीत ए-वन-सी ६.१ येईपर्यंत तुझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

त्या ६.१ चा अर्थ एवढाच: ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटते, पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून ए-वन-सी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. तुझी सरासरी १२८ च्या आसपास. पण सरासरी ती सरासरीच. दिवसभर १२८ वर सपाट राहणारा आणि ९० वरून १९० वर उड्या मारणारा, दोघांचा ए-वन-सी सारखा येऊ शकतो. आणि आख्खं आयुष्य लॅबमध्ये काढलेल्या बाईचं ऐक: पेशीच बिघडलेल्या असतील तर आकडाही बिघडतो. लोह कमी असेल तर तो उगाच वर दाखवतो, रक्तस्राव झाला असेल तर खाली. सूनबाईंचा ५.८ आला म्हणून तू घरातले बटाटे बाहेर काढलेस म्हणे. तिचं हिमोग्लोबिन किती आहे ते आधी विचार. लोहाच्या गोळ्या घेऊन झाल्यावर पुन्हा तपासू दे. बटाटे परत आण.

आता तुझ्या दंडावरच्या त्या सेन्सरबद्दल. २०२४ पासून ही वस्तू अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळायला लागली, आणि तेव्हापासून तुझ्यासारखे इंजिनियर जेवताना ताटाऐवजी फोनकडे बघतात. सेन्सर रक्त मोजत नाही, कातडीखालचं पाणी मोजतो. रक्तातली साखर तिथे पोचायला काही मिनिटं जातात. पहिल्या दिवशी तो जरा बहकतो. पहाटे तीनला साखर ५८ दाखवली म्हणून तू घाबरून पेढा खाल्लास ना? त्याच कुशीवर झोपला होतास का? दंड दाबला गेला की असे खोटे खड्डे पडतात. अशा वेळी हात धुऊन बोटाच्या कडेला टोचून मीटरवर बघायचं. हात धुऊन हे मुद्दाम लिहिते, आंबा चिरलेल्या बोटाची साखर काहीही येते.

आणि १४० च्या वर रेघ गेली की तू हाय खातोस. अरे, निरोगी माणसांना सेन्सर लावून पाहिलं तेव्हा तीही दिवसातला थोडा वेळ १४० च्या वर जातातच. ९६ टक्के वेळ ती ७० ते १४० मध्ये असतात, सगळा वेळ नाही. मधुमेह आहे की नाही हे सेन्सरवर ठरतच नाही. ते लॅबमध्ये ठरतं: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा ए-वन-सी ६.५, आणि तेही बहुधा पुन्हा तपासून.

मग सेन्सर फेकून देऊ का, असं विचारशील. नको. तुझ्याच जातकुळीतला एक इंजिनियर सांगते, रिचर्ड बर्नस्टाइन, न्यूयॉर्कचा. लहानपणापासून टाइप वन मधुमेह. १९७० च्या सुमारास साखर मोजायचं पहिलं यंत्र आलं, किलोभराहून जड, आणि ते फक्त डॉक्टरांना आणि रुग्णालयांना विकत. त्याची बायको डॉक्टर, तिच्या नावाने त्याने ते मागवलं. दिवसातून अनेकदा मोजायचं, आहारात किंवा इन्सुलिनमध्ये थोडासा बदल करायचा, पुन्हा मोजायचं. रुग्णाने घरी साखर मोजावी हे तेव्हा डॉक्टरांना पटत नव्हतं, त्याचं लिखाण कुणी छापेना. तर हा पंचेचाळिसाव्या वर्षी मेडिकल कॉलेजात गेला आणि स्वतःच डॉक्टर झाला. या एप्रिलमध्ये गेला, ९० वर्षांचा होऊन. त्याचा आहार मला झेपणारा नाही, भात-भाकरी-फळं सगळंच बंद. पण त्याची रीत घे. तो आकडा बघून रडत किंवा हसत बसला नाही, त्याने एका वेळी एकच गोष्ट बदलून बघितली.

तू एकाच दिवशी पोहे सोडलेस, जिम लावलीस, मेथीचं पाणी सुरू केलंस. रेघ खाली आली तर कशाने आली ते तुला काय कळणार? असं कर. आपण जेवायला बसलो की पहिला घास वरणभात-तुपाचा. एक आठवडा तो शेवटी खा. आधी कोशिंबीर, उसळ, मग पोळी, मग भात. तेवढाच भात, फक्त उशिरा. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये डॉ. अल्पना शुक्ला यांनी हेच करून बघितलं होतं, भाजी आणि प्रथिनं आधी, पाव नंतर. जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. रुग्ण जेमतेम ११ होते, म्हणून तू स्वतःवर तपासून घे. पुढच्या आठवड्यात जेवण नेहमीसारखं, पण नंतर पंधरा मिनिटं चाल. साबुदाण्याच्या खिचडीबद्दल मी काही बोलत नाही, एकादशीला तूच बघ.

सकाळची उपाशीपोटीची साखर रात्रीपेक्षा जास्त का, असंही विचारलंयस. तू झोपलास तरी यकृत झोपत नाही. पहाटे काही हार्मोन वाढतात आणि यकृत साठवलेली साखर सोडतं. त्यासाठी रात्रीचं जेवण बंद करू नकोस. वजन तर मुळीच घटवू नकोस. इथे २००२ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या प्रयोगात उंबरठ्यावरच्या लोकांनी सात टक्के वजन घटवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याचं ध्येय ठेवलं, आणि मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी उतरलं. ते लोक जाड होते. तू सात टक्के घटवलंस तर दिसायला काय उरशील? तू वजनं उचल, मांड्या-पाठ भरू दे. चालायचं मात्र तुलाही आहे.

साखर उतरवणारी मेटफॉर्मिनची गोळी घ्यायची की नाही ते तुझ्या डॉक्टरला ठरवू दे. दिलीच, तर बी-१२ तपासायला सांग. ती गोळी बी-१२ कमी करते, आणि आपल्या शाकाहारी घरात ते आधीच तळाला असतं.

फराळाचा डबा मिळाला का ते कळव.

तुझी,
मावशी

ता. क. लंडनची तुझी मामेबहीण म्हणते तिची उपाशीपोटीची साखर ६.१ आहे, आणि तू तिला लिहिलंस, 'सेम पिंच'. ती ए-वन-सी नव्हे रे. तिकडचं माप वेगळं, १८ ने गुणायचं. म्हणजे ११०. तिला सांग नीट तपासून घ्यायला, तीही बारीकच आहे.