सोडणाचे कुलूप

वेस्ट मांबलममध्ये अयोध्या मंडपाभोवतीच्या गल्ल्यांत केळीची पाने, नारळाची सोडणे आणि शहाळ्यांची टरफले एकाच ढिगात पडतात. परंतु चेन्नईच्या दमट हवेत पान लवकर कुजून मातीस मिळते, तर सोडण पावसाळा उलटला तरी आपला आकार सोडत नाही. हा चिवटपणा लिग्निनचा, म्हणजे पेशीभित्तीत सेल्युलोजच्या धाग्यांभोवती घट्ट बसून त्यांना कणखर करणाऱ्या काष्ठद्रव्याचा आहे, आणि काथ्यात त्याचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असते.

सेल्युलोज ही ग्लुकोजच्या एकसारख्या कड्यांची साखळी असल्याने ठरावीक विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, ती कडी-कडी करून सोडवतात. लिग्निन मात्र मुख्यत्वे तीन अल्कोहोलांच्या मुक्तमूलकांतून, म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकाकी राहिलेल्या अस्थिर रेणूंतून, जसे जुळेल तसे विणले जाते. त्यात ठरलेला क्रम नसल्यामुळे कोणत्याही एका किल्लीने हे कुलूप उघडत नाही.

पांढरी कूज घडवणाऱ्या बुरशा म्हणूनच किल्ली शोधत नाहीत. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीत १९८३ मध्ये सापडलेले लिग्निन पेरॉक्सिडेज हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने लिग्निनमधून एक इलेक्ट्रॉन काढून घेते, आणि तो रेणू अस्थिर होऊन आपोआप तुटू लागतो. या प्रक्रियेला विकरांनी घडवलेले ज्वलन म्हणतात, ते सार्थच आहे. अखंड लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत विकर मावत नाही, तेव्हा दुसरे एक पेरॉक्सिडेज मँगनीजचे आयन ऑक्सिडीकृत करून आत धाडते. विशेष म्हणजे एवढ्या खटाटोपातून बुरशीचे पोट भरत नाही: लिग्निन हा तिचा आहार नव्हे, सेल्युलोजपर्यंत पोहोचण्याची वाट आहे.

हेच सामर्थ्य जिवंत झाडावर उलटले की माडाचा बुंधा कुजतो. गॅनोडर्मा बुरशीमुळे होणारा हा रोग १९५२ मध्ये तंजावर जिल्ह्यात आढळला आणि 'तंजावर मर' या नावाने ओळखला गेला. भोसल्यांच्या राजवटीमुळे मराठी वाचकाला जवळच्या असलेल्या या गावाचे नाव वनस्पतिरोगशास्त्रात असे दुःखद रीतीने नोंदले गेले आहे.

पांढरी कूज घडवणाऱ्या बुरशांचीच शक्ती कोइंबतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने काथ्याच्या भुशावर वापरली. तेथील पद्धतीत भुशाच्या थरांवर धिंगरी अळंबीचे बियाणे व युरिया आलटून पालटून पसरतात. फॅनेरोकीटमध्ये नत्र भरपूर असल्यास लिग्निनचे विघटन दबते; धिंगरीला मात्र नत्राची तशी अडचण होत नाही, म्हणून येथे युरिया चालतो. कंपोस्ट तयार होते तेव्हा भुशातील कर्ब-नत्राचे प्रमाण ११२:१ वरून २४:१ च्या आसपास आलेले असते, कारण युरियातून नत्राची भर पडते, नत्र मागे राहते आणि कर्बाचा मोठा भाग, धूर किंवा ज्वाळा न दिसता, कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेलेला असतो.