पाहुणा आणि खाडी

वऱ्हाडांत समुद्र नाहीं. धनजच्या माणसास अभयारण्य म्हटलें कीं कारंजा-सोहोळचें गवताळ रान व त्यांतील काळविटांचे कळपच आठवावयाचे. त्यामुळें वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडींत कांदळवन पाहिलें, तेव्हां आम्हांस झाडांपेक्षां मुळांचेंच नवल अधिक वाटलें. तिवराचीं मुळें खुंट्यांप्रमाणें चिखलांतून वर येऊन श्वास घेतात. कांदळाचें बीज तर मातृवृक्षावरच अंकुरतें व मग खालीं पडतें. २०१७ पासून येथील स्वामिनी बचत गटाच्या स्त्रियांनीं हें वन वल्ह्यांच्या होडींतून दाखविण्याचा उद्योग आरंभिला. यंत्राची घरघर नसली म्हणजे खंड्याही लवकर बिचकत नाहीं.

आम्ही उतरलों होतों तें खाडीकांठचें निवासस्थान स्वतःस ‘निसर्गस्नेही’ म्हणवीत असे. भिंती कुडाच्या, दिवे मंद, जेवण पत्रावळीवर. परंतु सांडपाणी कोठें जातें, या प्रश्नास सरळ उत्तर कोणीं दिलें नाहीं. निसर्गस्नेहाची परीक्षा भिंतींवर नव्हे, मोरींत होते! तिवराचें झाड खाऱ्या पाण्यांत राहून नकोसें मीठ आपल्याच पानांवाटें बाहेर टाकतें. पाहुण्याचा मळ मात्र खाडीनें सोसावयाचा, हा कोठला न्याय?

२०२० सालीं महाराष्ट्रानें पांढऱ्या चिप्पीस राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. मान योग्यच झाला; पण त्याचें रक्षण पाहुण्याच्याही हातीं आहे. त्यानें खोलीच्या भाड्याआधीं सांडपाण्याची वाट विचारावी. काळविटांच्या रानाशेजारीं उद्यां असे निवास उभे राहिले, तर हाच प्रश्न आम्हां वऱ्हाडकरांसही विचारावा लागेल.