पहिली आवृत्ती

कुणाला तपकिरीचे व्यसन असते, कुणाला पत्त्यांचे. मला जुन्या कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या जमवण्याचे आहे. आणि राहायला तारापूर! एका अंगाला 1969 साली सुरू झालेले अणुवीज केंद्र, दुसऱ्या अंगाला 1739 साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला, आणि मधून वाहणारा खारा वारा. जिथे खिडकीचे गज गंजतात, तिथे कागदाची काय कथा! पाऊस सरला की आमच्या घरी गाद्यांच्या आधी पुस्तके वाळत पडतात. ‘पापड तरी खाता येतात,’ असे ही म्हणते.

मराठी पहिली आवृत्ती मिळवणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे. वाचनालयात पुस्तक आले की बाइंडर आधी वेष्टन काढतो आणि जाड पुठ्ठा चढवतो. दीनानाथ दलालांची किती मुखपृष्ठे अशी केरात गेली असतील, देव जाणे. मग उरते आतल्या पानावरची खूण. किंमत आण्यांत असली की पुस्तक बहुधा 1957च्या आधीचे, कारण त्या वर्षी नवे पैसे आले. नुसता शक असला तर अठ्ठ्याहत्तर मिळवायचे. हरिभाऊंच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ची तर आणखीच गंमत. ती आधी 1890 साली निघालेल्या ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः आली. म्हणजे अस्सल शौकिनाने खरे तर रद्दीच जमवायला हवी!

रद्दीवरून आठवले. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत गावातल्या एका आजींनी मला बोलावले. सासूबाईंची पत्र्याची ट्रंक किलोवर द्यायची होती. तळाशी पोथीच्या लाल फडक्यात बांधलेले पुस्तक निघाले. मी भक्तिभावाने उघडले, तर ‘हिंदोळ्यावर’, 1934! विभावरी शिरूरकर म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे आता माझे विद्यार्थीही परीक्षेपुरते सांगतात. तेव्हा मात्र टोपणनावामागे कोण, या प्रश्नाने वाचक हैराण झाले होते. नवऱ्यापासून वेगळे राहणाऱ्या बाईची ती कथा. ती फडक्यात का बांधली, हे मला कुणी सांगायला नको होते. जागोजागी समासात पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या.

रद्दीच्या भावाने ते पुस्तक मला आठ-दहा रुपयांत पडले असते. खोटे कशाला बोलू, हात पिशवीकडे गेला होता. पण त्या रेघा पाहून म्हटले, “आजी, हे किलोवर देऊ नका. याचे मोल आहे. मी त्याप्रमाणे पैसे देतो.”

“सासूबाई रोज दुपारी हे वाचायच्या. आम्हांला वाटे, पांडवप्रताप,” आजी म्हणाल्या. मग बराच वेळ पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या. “मग नाहीच द्यायचं, सर. पण मला आता बारीक अक्षर दिसत नाही. तुम्ही वाचून दाखवाल?”

कपाटात त्या पुस्तकासाठी केलेली जागा अजून रिकामी आहे. हिने तिथे लोणच्याची बरणी ठेवली आहे. मी रविवारी दुपारी आजींकडे जातो. वाचन फार सावकाश चालते, कारण पेन्सिलीची रेघ आली की त्या मला थांबवतात आणि तेवढे वाक्य पुन्हा वाचायला लावतात.