टाचणीएवढं भोक आणि बांधावरची गुळवेल

पेरूवर टाचणीएवढं भोक, भोवती मऊ डाग, दाबलं की रस येतो. दोन-तीन दिवसांत फळ तिथूनच कुजतं आणि गळतं. आमच्या भिवंडीकडे याला सरसकट फळमाशी म्हणतात. मंडळी, फळ कापून बघा. आत अळ्या वळवळत असतील तर फळमाशी. नसतील तर बहुतेक रस शोषणारा पतंग.

अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन झाडाखाली जा. बसलेला असतो तेव्हा पुढचे पंख सुक्या पानासारखे, दिसतच नाही. उडाला की मागचे पंख एकदम भगवे, त्यावर काळी नक्षी. पंख पसरले की 8-10 सेंमी भरतो. दिसायला देखणा, पण सोंड इतकी टणक की साल भोसकून आत जाते. विदर्भातले संत्रावाले नि जालन्याकडचे मोसंबीवाले याला चांगले ओळखून आहेत.

याची अळी फळावर नसतेच. ती गुळवेल, वासनवेलीवर वाढते. मग फळावर औषध मारून काय होणार? बागेजवळच्या या वेली काढा, अशी शिफारस असते. मला ती अर्धीच पटते. पतंग लांबून उडत येतो. माझा बांध साफ केला तरी शेजारच्या रानातून येणारच. शिवाय आईला काढ्यासाठी गुळवेल लागते. मी वेल ठेवलीय, पावसाळ्यात तिच्यावरच्या अळ्या वेचतो. पाठीवर डोळ्यांसारखे ठिपके असतात, लगेच ओळखू येतात. पेरूंना पिशव्या बांधल्यात, गळलेली फळं रोज खड्ड्यात.

वेल काढून कुणाची गळ थांबली असेल तर जरूर लिहा.