थोड्या रेषांचा राम

सोलापूरच्या पूर्व भागातून येणाऱ्या लग्नपत्रिका बहुधा दोन लिप्यांत असतात. एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला तेलुगू. विणकामासाठी आलेल्या पद्मशाली घरांच्या कितीतरी पिढ्या इथेच झाल्या, मुलं मराठी शाळांतून शिकली, तरी तेलुगूतून बोलावणं गेल्याशिवाय लग्न ठरल्यासारखं वाटत नाही त्यांना. यंदा वैशाखात अशीच एक पत्रिका घरी आली. मुहूर्त, स्थळ, आहेर आणू नये, सगळं वाचायचं राहिलं आणि मी चित्रच बघत बसले.

सीता रामाला माळ घालते आहे. मंडप नाही, जनक नाही, मोडलेलं धनुष्यसुद्धा नाही. राम इतका उंच, की मान लवल्याशिवाय माळ गळ्यात पडायची नाही. ती लवलेली मान म्हणजे खांद्यापासून मुकुटापर्यंत गेलेली एकच रेघ. सीतेची वेणी दुसरी रेघ. मग डोळे, दोघांचेही मोठाले. बाकी सपाट रंग.

पत्रिका द्यायला आलेली शेजारची मुलगी म्हणाली, "अक्का, चित्र बापूंच्या वळणाचं आहे. आणि अक्षरही बापूंचंच. छापलेलं दिसतं, पण मुळात हातचं आहे ते."

मला तेलुगू वाचता येत नाही. तरी त्या अक्षरांच्या गोलाईतून कुणीतरी हलक्या हाताने, घाई न करता लिहीत गेलेलं दिसत होतं. बापूंच्या हस्ताक्षराचा पुढे संगणकावरचा टंक झाला आणि तेलुगू घरांतल्या कितीतरी लग्नपत्रिका त्या अक्षरात छापल्या जाऊ लागल्या. एका व्यंगचित्रकाराचं हस्ताक्षर एका समाजाचं मंगल अक्षर झालं. आणखी कुणा व्यंगचित्रकाराला असं भाग्य लाभल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

बापू म्हणजे सत्तिराजु लक्ष्मीनारायण. जन्म 15 डिसेंबर 1933, पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या नरसापुरम्‌चा. मद्रास विद्यापीठातून 1955 साली कायद्याची पदवी घेतली आणि 'आंध्र पत्रिका' या दैनिकात राजकीय व्यंगचित्रं काढायला लागले. पुढे जे. वॉल्टर थॉम्प्सनसारख्या जाहिरात कंपनीत चित्रकारी केली. कथांची चित्रं, कादंबऱ्यांची मुखपृष्ठं, बालमित्र मुळ्ळपूडि वेंकट रमणांच्या 'बुडुगु' या खोडकर पोराची चित्रं, आणि 1967 पासून सिनेमे. अनिल कपूरचा 'वो सात दिन' आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याचे दिग्दर्शक हेच बापू.

ज्या 'आंध्र पत्रिके'त त्यांनी नोकरी धरली, तिचा जन्म मुंबईतला. काशीनाथुनि नागेश्वरराव या आंध्रातून आलेल्या गृहस्थांनी 1893 मध्ये मुंबईत अमृतांजन काढलं, आणि डोकेदुखीवरच्या त्या पिवळ्या मलमातून जे मिळालं त्यावर 1908 साली मुंबईतच तेलुगू साप्ताहिक सुरू केलं. ते 1914 मध्ये मद्रासला जाऊन दैनिक झालं. बोरघाटात इंग्रजांनी बांधलेला जुना पूल आपण वर्षानुवर्षं अमृतांजन पूल म्हणत आलो, तो 2020 मध्ये पाडला, तरी घाटात गाडी शिरली की ते नाव तोंडात येतंच. त्याच मलमाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या वर्तमानपत्रात पुढे एका तरुणाने रोजच्या रोज पुढाऱ्यांची नाकं काढली. मला अशा साखळ्या आवडतात. त्यांतून काही सिद्ध होत नाही, पण देश जवळ येतो.

नाकांचं मात्र महत्त्व आहे. वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रकाराला वेळ नसतो, जागाही नसते. संध्याकाळपर्यंत चित्र ब्लॉकला गेलं पाहिजे. माणूस ओळखू आला पाहिजे, तोही दोन बोटं रुंदीच्या चौकटीत. मग हात आपोआप गाळायला शिकतो. कोट गाळतो, खुर्ची गाळतो, केस गाळतो, आणि ज्याच्यावाचून तो माणूस तो राहणार नाही तेवढंच ठेवतो. हे शिक्षण कला महाविद्यालयात मिळत नाही. रोज कुणीतरी चित्राची वाट बघत बसलेलं असतं, तेव्हाच ते मिळतं.

बापूंनी हे शिक्षण घेतलं आणि त्याच हाताने राम काढला. एकदा नव्हे, जन्मभर. चित्रांतून रामायण, सिनेमातून रामायण. 'सीताकल्याणम्', म्हणजे सीतेचं लग्न, 1976 सालचा. तो लंडनच्या महोत्सवातही दाखवला गेला. सिनेमाचा प्रसंग ते आधी कागदावर चित्रांतून मांडून घ्यायचे, मग कॅमेऱ्यासमोर. 1975 चा 'मुत्याल मुग्गु', म्हणजे मोत्यांची रांगोळी, दिसायला साधी खेड्यातली कौटुंबिक गोष्ट. नवऱ्याच्या मनात संशय पेरला जातो आणि बायको घराबाहेर पडते. पाहणाऱ्याला अर्ध्यातच कळतं की हे उत्तरकांड आहे. नोकरीचं काम कुठे संपलं आणि देवाचं कुठे सुरू झालं, अशी शिवण त्यांच्या कामात मला सापडत नाही.

आणि इथे मला भद्राचलमचा गोपन्ना आठवतो.

गोदावरी आपल्या त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगवते, नाशिकला पंचवटीवरून जाते आणि सुमारे 1,465 किलोमीटर चालून समुद्राला मिळते. वाटेत तेलंगणात भद्राचलम लागतं. तिथून जवळच पर्णशाला नावाचं गाव आहे. रामाची पंचवटी इथेच, सीताहरण इथेच, अशी तिकडच्या लोकांची श्रद्धा. नाशिककरांनी याचा राग मानू नये. एवढी लांब नदी, तिच्या दोन्ही टोकांना राम राहून गेला असेल तर आपलं काहीच कमी होत नाही.

सतराव्या शतकात त्या मुलखावर गोवळकोंड्याचा अंमल होता. कंचर्ल गोपन्ना तिथला तहसीलदार. अक्कण्णा-मादण्णा या गोवळकोंड्याच्या कारभाऱ्यांचा भाचा. दक्षिण दिग्विजयाला निघालेले शिवाजीराजे भागानगरला उतरले तेव्हाच्या भेटीगाठींत ज्याचं नाव वाचतो, तोच हा मादण्णा. गोपन्नाने वसुलीचा पैसा भद्राचलमला रामाचं देऊळ बांधण्यात घातला. कुतुबशहा तानाशहाने त्याला गोवळकोंड्याच्या किल्ल्यात कोंडलं. ती कोठडी आजही दाखवतात. बारा वर्षं तो तिथे होता असं परंपरा सांगते. तो तिथे गात राहिला आणि तेलुगू मुलखाचा रामदास झाला. आपले समर्थ साधारण त्याच शतकातले, त्यांची तपश्चर्याही गोदेच्या आसमंतातच, टाकळीला.

गोपन्नाच्या गाण्यांतलं एक मला विसरता येत नाही. मार खाऊन कळवळलेला हा भक्त रामाला हिशेब विचारतो. सीतेच्या पदकाला किती लागले, लक्ष्मणाच्या मोत्यांना किती, भरताला काय केलं, शत्रुघ्नाला काय. हे सगळं मी केलं आणि तू मिरवतोस. मग रागाचा भर ओसरतो आणि तो क्षमा मागतो. तहसीलदाराचा राग तहसीलदाराच्याच भाषेत येतो, रकाने मांडून. खोटी भक्ती असती तर ती उसन्या शब्दांत बोलली असती. ज्याचं आयुष्य कीर्दीत गेलं तो देवाशी कीर्दीतूनच बोलणार.

पुढची गोष्ट मराठी माणसाला सांगायचीच गरज नाही, इतकी ती आपल्या घरातली आहे. एका रात्री दोन तरुण तानाशहापुढे आले, सहा लाख मोहरा मोजून दिल्या आणि पावती मागून घेतली. सकाळी पावती गोपन्नाच्या उशाशी होती. मंगळवेढ्याला दामाजीपंतांनी बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारं दुष्काळात लोकांना मोकळी केली, तेव्हा विठू महार होऊन पांडुरंग दरबारात गेला आणि रक्कम भरून आला. दामाजींना पावती पोथीत मिळाली. सोलापूरहून मंगळवेढा जवळ. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला थैलीतल्या मोहरांपेक्षा त्या पावतीचंच नवल वाटायचं. देव आला तर पावती कशाला घेईल? आता वाटतं, देवाने त्या दोघांच्या नोकरीचा मान राखला. भक्ती खरी, पण सरकारी हिशेबही खरा. तो पुरा झाल्याशिवाय भक्ताची सुटका व्हायची नाही. चमत्काराच्या गोष्टीतही लोकांनी कागद सोडला नाही, यात या मातीचं शहाणपण आहे. भद्राचलमला आजही रामनवमीच्या सीताराम कल्याणाला सरकारकडून मोत्यांच्या अक्षता आणि रेशमी वस्त्रं जातात. तानाशहापासूनची रीत म्हणून ती सांगितली जाते. हिशेब दोन्ही बाजूंनी पाळला गेला.

मला गोपन्ना आणि दामाजी दोघेही पूज्य आहेत. पण पोटाचं काम आणि देवाचं काम यांची ओढाताण त्यांच्या कथांचा गाभा आहे. एकीकडचं दुसरीकडे घातलं म्हणून संकट आलं. भद्राचलमच्याही खाली, गोदावरीच्या वसिष्ठा शाखेवर, समुद्र जवळ आलेल्या गावात जन्मलेल्या या चित्रकाराला अशी उचल करावी लागली नाही. त्याने कचेरीतून फक्त एक गोष्ट घरी आणली, ती म्हणजे रेघ. ती कितीही आणली तरी कचेरीत कमी पडत नाही.

आपल्याकडेही देव घराघरांत नेले ते नोकरी-धंद्याच्या चित्रकारांनीच. रविवर्म्याचा छापखाना मळवलीला होता. रघुवीर मुळगावकरांची दिनदर्शिकांवरची दैवतं तर माझ्या आजोळच्या भिंतीवर होती आणि मी त्यांना हात जोडूनच मोठी झाले. मुळगावकरांच्या देवांच्या कांतीवरून जी तकाकी फिरते ती विलक्षण आहे. तरीही मनातलं सांगायचं तर त्या तेजाने मी दोन पावलं मागे राहते. बापूंचा राम मला जवळ येऊ देतो. त्याच्या अंगावर झळाळी नाही, पाठीशी प्रभावळ असलीच तर नावापुरती. तो राम आहे हे मानेवरून कळतं, उभं राहण्यावरून कळतं, सीतेकडे न बघता बघण्यावरून कळतं. पुढारी नाकावरून ओळखू यावा म्हणून जी नजर तयार झाली, तिनेच देवाचं देवपण कुठे राहतं ते शोधलं. भाविक चित्रकाराला बहुधा वाटतं की देवाला जितकं जास्त देऊ तितकं बरं. दागिने, फुलं, ढग, तोरणं. व्यंगचित्रकाराला कमी देण्याचं धैर्य असतं. आणि माझ्या मते कमी देण्यात जास्त श्रद्धा लागते. राम इतक्या थोड्यात उभा राहील, असा भरवसा आधी आपला असावा लागतो.

'सीताकल्याणम्' आला त्याच 1976 साली बापूंनी 'भक्त कन्नप्पा' काढला. शिवलिंगाच्या डोळ्यातून रक्त येतंय म्हणून आपला डोळा काढून लावणारा तो शिकारी. मग दुसराही डोळा काढायला निघतो, आणि आंधळं झाल्यावर जागा सापडावी म्हणून पायाचा अंगठा तिथे टेकवतो. डोळ्यांवर ज्याचं पोट, त्याने ही कथा हाती घ्यावी, तिचं प्रत्येक चित्र आधी कागदावर काढावं! तो अंगठा त्यांनी कसा काढला असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते.

रमणा फेब्रुवारी 2011 मध्ये गेले. त्यांनी लिहिलेला 'श्रीरामराज्यम्' बापूंनी त्याच वर्षी पुरा करून नोव्हेंबरात पडद्यावर आणला. विषय पुन्हा उत्तरकांड, लव-कुश. तो त्यांचा शेवटचा चित्रपट. 2013 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि 31 ऑगस्ट 2014 रोजी चेन्नईत बापू गेले.

ज्यांची चित्रकला वर्तमानपत्रात, जाहिरातीत, पाठ्यपुस्तकात खर्ची पडते आणि "आपलं खरं काम राहूनच गेलं" असं ज्यांना रात्री वाटतं, त्यांनी बापूंचं रामायण एकदा मांडीवर घेऊन बघावं. रोजच्या कामात हात झिजत नाही, घडतो. आणि नाशिककरांना एक विनंती आहे. पंचवटीत, गोदेच्या काठी, बापूंच्या रामचित्रांचं एक प्रदर्शन भरवा. नदीच्या शेवटच्या गावातला राम पहिल्या गावाने अजून नीट पाहिलेला नाही. तेलुगू येत नाही म्हणून अडू नका, त्या चित्रांना वाचायला भाषा लागत नाही.