माझा बायको

परवा २१ मार्चला मैत्रिणीचा परदेशातून फोन आला. "नवरोज मुबारक!" आम्ही दोघीही आता सत्तरी ओलांडलेल्या, त्यामुळे गुडघे आणि गोळ्या यांवरच जास्त बोलणं. पण फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "बाबांना जाऊन पन्नास वर्षं होऊन गेली गं!" मग दिवसभर काही सुचेना. इराणीकाका सारखे डोळ्यांसमोर येत राहिले. म्हटलं, लिहूनच काढावं.

पुण्यात नाना पेठेत आमच्या घराजवळच्या कोपऱ्यावर त्यांचं हॉटेल होतं. संगमरवरी टेबलं, काळ्या लाकडी खुर्च्या, भिंतीवर मोठा आरसा, आणि गल्ल्यावर काचेच्या बरण्यांमागे काका. मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. त्यांची लेक माझ्याच वर्गात, मराठी शाळेत. "जिथला पाणी पितो, तिथला भाषा आला पाहिजे," असं काका म्हणायचे.

पारशी हजाराहून अधिक वर्षांपूर्वी आले, ते गुजराती बोलतात. काका त्यांच्याच धर्माचे, पण इराणी. चौदाव्या वर्षी यझदजवळच्या खेड्यातून चुलत्याबरोबर निघाले. बंदर अब्बासपर्यंत खेचरांच्या तांड्याबरोबर, पुढे बोटीने मुंबई. तिथे कपबशा विसळल्या, मग पुण्याला आले. इराणात जरथुष्ट्री लोकांवरचा जिझिया कर १८८२ साली उठला, तोही मुंबईच्या पारशांनी पाठवलेल्या माणेकजी लिमजी हातरिया यांच्या खटपटीने. पण बाकीचा जाच लगेच थांबला नाही. काकांच्या आजोबांना यझदमध्ये छत्री धरायलाही मनाई होती. म्हणूनच की काय, काका लेकीला शाळेत सोडायला येताना भुरभुर पाऊस असला तरी भली मोठी काळी छत्री उघडून ऐटीत चालायचे.

त्यांच्या मराठीची मात्र आम्ही फार थट्टा करायचो. "माझा बायको आजारी हाय," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. मी आगाऊ! एकदा म्हटलं, "काका, माझा नाही, माझी!" ते हसून म्हणाले, "आमच्या जबानमध्ये असा काय नाय, पोरी. बाई-पुरुष, सगळ्याला एकच." पुढे शिक्षिका झाल्यावर कळलं, फारसीत व्याकरणाला लिंगच नसतं. काका चुकत होते ते आमच्या व्याकरणात.

त्यांच्या बायकोला, म्हणजे मावशींना, संधिवात होता. बोटं वाकडी झालेली. एकदा सकाळी मैत्रिणीला हाक मारायला मागच्या दाराने गेले, तर काका खुर्चीमागे उभे राहून मावशींची वेणी घालत होते. अगदी सावकाश, गुंता ओढला जाऊ नये असे. मी अवाक् होऊन पाहत राहिले. आमच्या घरी बाबांनी आईला कधी पाण्याचा पेला हातात दिलेला मी पाहिला नव्हता. वेणी झाली, काकांनी हात धुतले, कमरेची कुस्ती सोडून दिव्याकडे तोंड करून प्रार्थना म्हणत पुन्हा बांधली, आणि गल्ल्यावर जाऊन बसले. रोजचंच होतं ते त्यांना.

आता माझ्या मनाला लागून राहिलेली गोष्ट सांगते. शाळा सुटल्यावर आम्ही दोघी हॉटेलात जायचो. काका लेकीला मावा केक द्यायचे आणि मला केळं. रोज केळंच! कधी संत्रं. मला वाटायचं, काय हा कंजूषपणा! स्वतःच्या मुलीला केक आणि मला केळं? एकदा रुसून मी ते तिथेच टाकून आले. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा केळं.

१९६६ साली माझी आजी गेली. काका भेटायला आले, डोक्यावर टोपी घालून अंगणातच उभे राहिले. आजीच्या सोवळ्याची सगळ्या पेठेला माहिती होती. तेराव्यानंतर मी पहिल्यांदा हॉटेलात गेले, तेव्हा काकांनी माझ्यासमोर बशीत मावा केक ठेवला. म्हणाले, "आता तू मोठा झाला. तुझा तू ठरव."

तेव्हा लख्ख उजेड पडला. इराण्याच्या हातचं आजीला चालणार नाही, मी खाल्लं तर घरी बोलणी बसतील, आणि खोटंही बोलावं लागेल. सालीचं फळ तेवढं चालतं. हे त्यांनी इतकी वर्षं सांभाळलं, आणि एका शब्दाने मला किंवा आजीला कमीपणा येऊ दिला नाही. केक गोड होता, पण माझ्या घशाखाली उतरेना.

१९७४ साली काका गेले. धार्मिक विधी झाल्यावर परधर्मीयांना दर्शन घेता येत नाही. मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. बाहेर बाकावर बसून राहिले. वाईट वाटलं, पण राग नाही आला. नियम आमच्याही घरी होतेच की. काकांनी मात्र आमच्या नियमातूनही केळ्याएवढी वाट काढली होती.

पुढे कधीतरी मावशींना भेटायला गेले. लेक त्यांची वेणी घालत होती. मावशी हळूच म्हणाल्या, "चांगली घालते, पण ते घालायचे तशी नाही."

जरथुष्ट्री लोक अंगात घालतात त्या सदऱ्याला गळ्याशी एक इवलासा खिसा असतो, गिरेबान म्हणतात त्याला. दिवसभरात केलेली चांगली कामं त्यात साठवायची, अशी त्यामागची कल्पना. लहानपणी मैत्रिणीने दाखवला तेव्हा मी हसून म्हटलं होतं, "यात काय मावणार?"

असो. मी चाळीस वर्षं मुलांना 'माझा, माझी, माझं' शिकवलं, चुकलं की लाल शाईने गोल केला. पण "माझा बायको" आठवलं की हात थांबायचा.