महिन्याभराचे गुरुजी

विद्यादान श्रेष्ठ दान, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. पण हे दान किती दिवस करावे, हे सांगणारा कोणी भेटत नाही. पूर्वी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण शिकविणारा आणि शिकणारा बहुधा एकाच गावात जन्म काढीत. आता निराळी तऱ्हा निघाली आहे. सुखवस्तू घरांतील तरुण मंडळी, आणि अलीकडे माझ्यासारखे सेवानिवृत्त मास्तरही, काही आठवड्यांची सवड काढून पदरमोडीने परदेशी जातात, तेथील लहान मुलांना इंग्रजी शिकवितात आणि गळ्यात हार घालून घेऊन परत येतात.

2018 च्या हिवाळ्यात मी कंबोडियातील सिएम रीप या गावी असाच तीन महिने राहिलो. निघण्यापूर्वी सौभाग्यवतींनी विचारले की, इंग्रजीच शिकवावयाचे तर आपल्या कोकणात मुले थोडी आहेत काय? प्रश्न बिनतोड होता आणि अजूनही आहे. परंतु त्या गावानजीक अंकोर वाटचे बाराव्या शतकातील विष्णुमंदिर आहे. त्याच्या भिंतींवर समुद्रमंथन आणि कुरुक्षेत्र कोरलेले आहे. ते एकदा डोळ्यांनी पाहावे ही माझी जुनी इच्छा. परोपकारात थोडे प्रवासाचे सुख मिसळले तर परोपकार बाटत नाही, असे माझे मत आहे.

तेथील सरकारी शाळा पुष्कळ ठिकाणी अर्धा दिवस भरतात. उरलेल्या अर्ध्या दिवसात सहा ते दहा वर्षांची तीसेक मुले आमच्या वर्गात येत. हात जोडून ती मला ‘लोक क्रू’ म्हणत. यातला ‘क्रू’ म्हणजे आपला गुरू! त्यांच्या मुळाक्षरांचा तक्ता पाहिला तो कवर्ग, चवर्ग हाच क्रम. मुलखावेगळ्या गावी आजोळचे माणूस भेटावे तसा मला आनंद झाला.

हा आनंद इंग्रजी शिकविताना मात्र फारसा उपयोगी पडला नाही. ख्मेर भाषेत शब्दाच्या शेवटी ‘स’ लिहितात आणि त्याचा उच्चार ‘ह’ करतात. ‘शिष्य’ हा शब्द त्यांच्याकडेही आहे. पण बोलताना त्याचे काहीसे ‘सह्’ होते. तेव्हा ‘राइस’चे ‘राय्ह’ होणार हे ओघानेच आले. नामाला अनेकवचन नाही, क्रियापदाला काळ नाही. सहा म्हणजे ‘पाच-एक’ आणि सात म्हणजे ‘पाच-दोन’ असे ती मुले मोजतात. त्यांना ‘सिक्स’ आणि ‘सेव्हन’ हे निराळे शब्द म्हणजे उगाच केलेली उधळपट्टी वाटत असली पाहिजे. मूल कोठे अडखळेल आणि का, हे ज्याला त्याची भाषा येते त्यालाच आधी कळते. मला ते महिना-दीड महिना झाल्यावर कळू लागले. बहुतेक स्वयंसेवक तोवर घरी पोहोचलेले असतात.

इंग्रजीची त्या लोकांना केवढी भूक आहे, हे मात्र पाहिल्यावाचून कळावयाचे नाही. 1975 ते 1979 या चार वर्षांत ख्मेर रूजच्या राजवटीने शाळा बंद केल्या आणि असंख्य शिक्षक मारले. पुढच्या दशकात व्हिएतनामच्या पाठिंब्यावर चाललेल्या सरकारने व्हिएतनामी व रशियन भाषांना उत्तेजन दिले; इंग्रजीला मनाई होती. जवळच्या विहाराचा कारभार पाहणारा, पन्नाशी उलटलेला एक गृहस्थ सांगे की, त्या काळात तो आणि त्याचे मित्र रात्री दिवा झाकून इंग्रजीचा एक-एक कागद उतरून घेत. 1992 साली संयुक्त राष्ट्रसंघाचे लोक आले, आणि ज्याला त्या कागदांतले चार शब्द येत होते त्याला नोकरी मिळाली. आता अंकोरचे प्रवासी आहेत, त्यांच्यासाठी हॉटेले आहेत, टुकटुक आहेत. त्या मुलांच्या आईबापांना इंग्रजी म्हणजे दोन वेळचा भात आहे. अशा ठिकाणी शिकविण्याचा खेळ करणे बरे नव्हे.

आणि खेळच होत होता. दर महिन्याला नवा पाहुणा येई आणि पुन्हा रंगांच्या नावांपासून आरंभ करी, कारण आदला कोठवर आला होता हे लिहून ठेवण्याची चाल नव्हती. वर्गात आठ वर्षांची एक मुलगी होती. नवा मनुष्य दिसला की ती विचारी, ‘हाऊ मेनी डे?’ मी तीन महिने म्हणालो तेव्हा ती दप्तर उचलून खिडकीजवळून पहिल्या बाकावर आली. पुढे दहा दिवसांसाठी एक फ्रेंच जोडपे आले. फार हौशी आणि लाघवी माणसे. ती त्यांच्या तासाला खिडकीशी बसून सबंध वेळ चित्रे काढीत राहिली. तिचा हिशेब मला चोख वाटला.

मी स्वतः मराठी शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकलो. आमच्या मास्तरांनी इंग्रज कधी पाहिला नसावा. त्यांचे उच्चार आज ऐकविले तर माझी नातवंडे हसतील. पण तीन वर्षे, पावसाळ्यातही, ते रोज आले.

आमच्या वर्गालाही असा एक मास्तर होता. जवळच्याच खेड्यातला, पंचविशीचा. परदेशी पाहुणा आला की खडू त्याच्या हाती देऊन हा भिंतीशी उभा राही व दुभाषाचे काम करी. पहिल्या आठवड्यातच मी त्याला म्हटले, की शिकवा तुम्ही. मी मागच्या बाकावर बसतो. उच्चार ऐकविण्यासाठी दहा मिनिटे मला पुरत. संध्याकाळी आम्ही दोघे दोन-दोन तास त्याच्या इंग्रजीचा अभ्यास करीत असू. पूर्ण वर्तमानकाळाने त्या सद्गृहस्थाला फार छळले. संस्थेच्या चालकांना ही व्यवस्था फारशी रुचली नाही. पैसे भरून आलेल्या माणसाला फळ्यासमोर उभे राहावयाचे असते, मागे नव्हे, असे त्यांचे म्हणणे. आणि त्यांच्या जमाखर्चाच्या दृष्टीने ते खरेही होते. तडजोड म्हणून एक जाड वही घातली. रोज काय शिकविले, कोण कोठे अडखळले, हे तीत त्याने ख्मेरमध्ये आणि मी इंग्रजीत लिहावे. येणाऱ्याने आधी वही वाचावी, मग खडू उचलावा.

2020 च्या मार्चात कोरोनामुळे तेथील शाळा बंद झाल्या, अंकोर ओस पडले, आणि पाहुण्यांच्या पैशावर चालणारा आमचा वर्गही मिटला. तो मास्तर आपल्या खेड्यात परतला. तिकडे घरे लाकडी खांबांवर उंच बांधलेली असतात व खाली सावलीची मोकळी जागा राहते. तेथे शेजारपाजारची सहा-सात मुले जमवून तो शिकवू लागल्याचे त्याने मला कळविले. त्यांतली दोघे आमच्या जुन्या वर्गातली होती. वही त्याने बरोबर नेली होती आणि आरंभ त्रेचाळिसाव्या पानापासून केला होता.